लघुपट संपल्यावरही मनातून जात नाही, तो कशामुळे?

नदीकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. बरेच दिवस मनात घोळत असलेला एक प्रश्न येथे मांडते आहे. गेल्या पाच-सहा वर्षांत माझे पूर्ण लांबीचे चित्रपट पाहणे हळूहळू कमी झाले आणि लघुपट पाहणे वाढले. घरातल्यांनी याचे कारण परस्पर ठरवून टाकले आहे, ते म्हणजे मला वेळ नाही. माझे थोरले बंधू तर म्हणतात की, जेवायला सवड नसलेला माणूस जसा वडापाव खाऊन पुढे जातो, तसे हे लघुपट पाहणे आहे. त्यांचे म्हणणे मला पटत नाही, परंतु त्यांना नीट उत्तरही देता येत नाही, आणि ते उत्तर स्वतःसाठीच हवे म्हणून हा धागा काढला आहे.

मागच्या महिन्यात मी सत्यजित राय यांचा ‘टू’ पाहिला. एस्सो या तेल कंपनीने पुरस्कृत केलेल्या एका दूरचित्रवाणी मालिकेसाठी त्यांनी १९६४ साली केलेला हा कृष्णधवल लघुपट जेमतेम पाव तासाचा आहे आणि त्यात एकही संवाद नाही. मोठ्या घरात खेळण्यांच्या ढिगाऱ्यात एकटाच असलेला एक श्रीमंत मुलगा आहे आणि खिडकीबाहेर झोपडीपाशी बासरी वाजवणारा एक गरीब मुलगा आहे. बाहेरून बासरी ऐकू आली की आतला मुलगा आपली तुतारी आणून जोरात वाजवतो. बाहेरच्याने ढोलके आणले की आतल्याकडे त्याहून भारी काहीतरी असतेच. शेवटी बाहेरचा मुलगा पतंग उडवतो आणि आतला मुलगा तो छऱ्याच्या बंदुकीने फाडतो. पतंग खाली आल्यावर तो मुलगा खिडकीकडे ज्या नजरेने पाहतो, ती नजर दुसऱ्या दिवशी मी वीजबिलाच्या रांगेत उभी असतानाही माझ्यासमोर होती. आठवडाभर ती गेली नाही. त्याच आठवड्यात मी अडीच तासांचा एक चांगला चित्रपटही पाहिला होता. तो आवडला आणि विसरला गेला.

दुसरा अनुभव याच्या नेमका उलट आहे. एका महोत्सवात मी एका संध्याकाळी ओळीने नऊ लघुपट पाहिले. त्यांतले तीन-चार तरी नक्की चांगले होते, परंतु घरी पोहोचेपर्यंत सगळ्यांचा एकमेकांत काला झाला आणि कोणत्या मुलाची आई कोणत्या लघुपटात होती, हेही सांगता येईना. लघुपटाचे आकर्षण केवळ सोयीचे असते, तर नऊ पाहिल्यावर नऊपट समाधान मिळायला हवे होते. म्हणून विचारते की, या थोडक्यात असण्यातच असे काय आहे, जे लांबीने हाती लागत नाही? आणि ते एकामागून एक पाहिले की नाहीसे का होते? येथे चित्रपटाच्या कामातली मंडळी आहेत, त्यांनी अवश्य लिहावे.

कात्रीवाली यांचा प्रतिसाद

नदीकाठ, तुमचा प्रश्न मला फार जवळचा वाटला, कारण गेली चौदा वर्षे मी संकलनाचे काम करते आणि त्यातले निम्मे काम लघुपटांचे आहे. तुमच्या बंधूंच्या उपमेला माझे उत्तर असे की, वडापाव खाल्ला की भूक भागते, आणि चांगला लघुपट पाहिला की ती लागते. पडद्यावर जे दाखवलेले नसते, ते प्रेक्षक स्वतःच्या मनात रचू लागतो, आणि हे रचणे लघुपट संपल्यानंतर सुरू होते. तुमच्या आठवड्याचे कारण मला तरी हेच दिसते. त्या मुलाची नजर राय यांनी काही क्षणच दाखवली. पुढचे दिवस ती तुम्ही दाखवत होता.

हे नुसते बोलून कळणार नाही, म्हणून संकलनाच्या टेबलावरचा एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थी दिग्दर्शकाचा लघुपट माझ्याकडे आला होता. विषय एका ओळीचा होता: दुष्काळात एक शेतकरी जोडीतला एक बैल बाजारात विकतो आणि घरी येतो. पहिला रफ कट, म्हणजे दृश्यांची पहिली कच्ची जुळणी, बावीस मिनिटांचा होता आणि त्यातली नऊ मिनिटे नुसत्या बाजाराची होती. दिग्दर्शकाने दोन दिवस खऱ्या बाजारात राहून चित्रीकरण केले होते आणि दृश्ये खरोखरच देखणी होती. धूळ होती, शिंगांना लावलेले रंग होते, बैलाचे दात पाहणारे दलाल होते, आणि रुमालाखाली एकमेकांची बोटे चाचपून भाव ठरवणारे दोन हात होते. त्यानंतर घरी आल्यावर बायको विचारते, नवरा सांगतो, दोघेही रडतात, असा चार मिनिटांचा प्रसंग होता.

आम्ही तीन आठवडे त्यावर बसलो. आधी रडण्याचा प्रसंग काढला. मग एकेक करून बाजार काढत गेलो आणि शेवटी त्यातला फक्त रुमालाखालच्या हातांचा एक शॉट उरला, तोही आठ सेकंदांचा. त्या शॉटनंतर आम्ही थेट अंगणात आलो. शेतकरी रिकामा कासरा हातात घेऊन येतो, तो गोठ्यातल्या खुंटीला अडकवतो आणि आत निघून जातो. बायको चुलीपुढून एकदा खुंटीकडे पाहते आणि भाकरी उलटते. यानंतर सकाळ होते. तो सवयीने वैरणीची पेंढी सोडतो, अर्धी एका गव्हाणीत टाकतो, अर्धी दुसऱ्या गव्हाणीत टाकतो, आणि मागे वळताना त्याच्या लक्षात येते. तो ती दुसरी वैरण उचलत नाही. उरलेला बैल मान लांबवून तिकडे पाहतो, आणि तेथेच आम्ही थांबलो. लघुपट अकरा मिनिटांचा झाला.

बाजार काढला त्या दिवशी तो मुलगा जेवला नाही. दोन दिवसांचे चित्रीकरण, लोकांकडून उसने आणलेले पैसे आणि उन्हातली मेहनत सगळी गेली, असे त्याला वाटले, आणि त्याचे दुःख मला पूर्ण समजत होते. परंतु पहिल्या खेळाला एक म्हातारे गृहस्थ बाहेर येऊन त्याला म्हणाले की, बाजारात तो बैल मागे वळून पाहतो ते फार छान घेतले आहे. बैल मागे वळून पाहतो असा शॉट लघुपटात नव्हता, आणि काढून टाकलेल्या चित्रीकरणातही नव्हता. तो त्यांनी स्वतः पाहिला होता.

आपल्याकडे या आकाराची जाण नवी नाही. ज्याने महाविद्यालयात एकांकिका केली आहे, त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकासारख्या स्पर्धांनी मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना हे शिकवले की, एकांकिका म्हणजे तीन अंकी नाटकाचा पहिला अंक नव्हे आणि तिन्ही अंकांचा सारांशही नव्हे. तिला एकच प्रसंग पुरतो, मात्र तो असा निवडावा लागतो की त्याच्या मागची वीस वर्षे त्यात आपोआप यावीत. लघुपटाचेही असेच आहे, फक्त रंगमंचावर जे काम संवाद करतात, ते येथे वस्तूंना आणि आवाजांना करावे लागते.

आवाजाचा उल्लेख आला म्हणून उमेश कुलकर्णी यांच्या ‘गिरणी’विषयी लिहिते. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा. चरितार्थासाठी आई घरातच पिठाची गिरणी आणते. मुलाला आधी तिचे फार अप्रूप वाटते, आणि मग तोच खडखडाट आणि तेच पीठ त्याचे घर, त्याची झोप आणि त्याचे बालपण व्यापून टाकतात. ज्यांच्या लहानपणी शेजारी गिरणी होती त्यांना आठवेल की, ती चालू असताना माणसे एकमेकांशी मोठ्याने बोलतात आणि बंद झाल्यावरही काही वेळ तशीच बोलत राहतात. लांब चित्रपटात हा आवाज पार्श्वभूमीला गेला असता, कारण दोन तास एक आवाज कोणीही ऐकून घेत नाही. लघुपटात तो एक पात्र होऊ शकतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही मला यातच दिसते. प्रेक्षकाने पाहून झाल्यावर जे रचायचे असते, त्यासाठी थोडी शांतता लागते. नऊ लघुपट ओळीने लावले की प्रत्येकाची ती शांतता पुढचा खाऊन टाकतो. महोत्सवांना वेळापत्रकाची अडचण असते हे मी जाणते, तरीही दोन लघुपटांच्या मध्ये पडदा किमान एक मिनिट काळा ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

अंतरपाट यांचा प्रतिसाद

कात्रीवाली यांनी जे लिहिले आहे ते मला मान्य आहे, परंतु ते चांगल्या लघुपटांबद्दल आहे, आणि चांगले लघुपट फार थोडे असतात, हेही येथे नोंदवायला हवे. एका स्पर्धेच्या प्राथमिक फेरीसाठी मी दोन वर्षे परीक्षण केले. त्या काळात जे पाहिले, त्यातल्या बहुसंख्य लघुपटांचा सगळा जीव शेवटच्या दहा सेकंदांत होता. ज्याच्याशी नायिका इतका वेळ बोलत होती तो नवरा मेलेलाच आहे, किंवा जो भिकारी वाटला तो खरा घरमालक आहे, असे काहीतरी शेवटी उघड व्हायचे, आणि तोपर्यंतचा सगळा वेळ प्रेक्षकापासून ते लपवण्यात गेलेला असायचा. असा लघुपट पहिल्यांदा पाहताना धक्का बसतो आणि दुसऱ्यांदा पाहावासा वाटत नाही, कारण दुसऱ्यांदा पाहायला त्यात काही उरत नाही. नदीकाठ यांनी वर्णन केलेल्या ‘टू’मध्ये असा कोणताही गौप्यस्फोट नाही, पतंगाचे काय होणार हे बंदूक दिसताच कळते, आणि तरीही तो पतंग पडताना पोटात खड्डा पडतो. मी फरक करतो तो येथे.

दुसरे असे की, आपल्याकडे पुष्कळ मुले लघुपट करतात ते निर्मात्याला दाखवण्यासाठी, म्हणजे मोठ्या चित्रपटाची पायरी म्हणून. त्यात गैर काही नाही. नागराज मंजुळे यांनी अहमदनगरला शिकत असताना केलेला ‘पिस्तुल्या’ त्यांना पुढे कोठे घेऊन गेला, हे सर्वांना ठाऊक आहे. मात्र याच दिग्दर्शकाने मोठे व्यावसायिक यश मिळाल्यानंतर २०१७ साली पुन्हा ‘पावसाचा निबंध’ हा लघुपट केला आणि त्याच्या दिग्दर्शनासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, याची आठवण नव्या मुलांना करून द्यावीशी वाटते. पावसावर निबंध लिहून आणायला सांगितलेला मुलगा आणि त्याच पावसात गळणारे त्याचे घर, एवढ्याशा विषयाला दोन तास दिले असते तर बाकीचे काहीतरी घालावे लागले असते. ज्याला मोठा चित्रपट करता येतो असा माणूस जेव्हा आपणहून लहान आकाराकडे येतो, तेव्हा तो आकार केवळ पायरी नाही एवढे तरी सिद्ध होते.

खडूफळा यांचा प्रतिसाद

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सिद्धान्तात मला काही भर घालता येणार नाही, पण चौथीच्या वर्गातला एक तास सांगते.

आमच्या शाळेत प्रोजेक्टर आहे, मात्र खिडक्यांना पडदे नाहीत. म्हणून मुलींनी घरून आणलेल्या चादरी खिळ्यांना बांधून आम्ही खोली अंधारी केली आणि अब्बास कियारोस्तामी यांचा ‘ब्रेड अँड अ‍ॅली’ लावला. हा त्यांचा पहिलाच चित्रपट होय. इराणमध्ये मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेत असताना त्यांनी तो १९७० साली केला, तो दहा-अकरा मिनिटांचा आहे आणि त्यातही संवाद नाहीत. एक लहान मुलगा पाव घेऊन गल्लीतून घरी चालला आहे आणि वाटेत एक कुत्रे गुरगुरत आहे. एवढाच पेच आहे. मुलगा थांबतो, कोणीतरी मोठे माणूस येण्याची वाट पाहतो, एका म्हाताऱ्याच्या आडोशाने निघतो, पण तो म्हातारा मध्येच दुसरीकडे वळतो. शेवटी मुलगा पावाचा तुकडा कुत्र्यापुढे टाकतो, कुत्रे शेपूट हलवत त्याच्या मागे घरापर्यंत येते, मुलगा आत जातो आणि दार लागते. कुत्रे दाराशी बसते. तेवढ्यात हातात वाडगे घेतलेला दुसरा मुलगा त्याच गल्लीत येतो.

आमच्या वाडीत कुत्र्यांना न भिणारे मूल नाही, त्यामुळे पहिल्या मिनिटापासून वर्ग चिडीचूप होता. म्हातारा वळला तेव्हा तीन-चार मुले एकदमच ओरडली, “आजोबा, थांबा की!” संपल्यावर मी काहीही विचारले नाही. भांडण आपोआप सुरू झाले. मुलाने पाव दिला तो भीतीने दिला की दोस्ती करायला, यावर वर्गाचे दोन तट पडले. एक मुलगा म्हणाला की, घरी जाऊन पाव कमी का, याचा मार त्याला खावा लागला असेल. मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी नाव विचारले तरी मान खाली घालते, ती उठून म्हणाली, “बाई, त्या वाडगेवाल्याकडं पाव नाही ना. मग तो काय टाकणार?” त्यावर घंटा होईपर्यंत मुले बोलत राहिली.

आमचा तास पस्तीस मिनिटांचा असतो. दोन तासांचा चित्रपट दाखवायचा तर अर्धा दिवस जातो, मुले दमतात, आणि शेवटी बोलायला कोणी उरत नाही. हा लघुपट दहा मिनिटांचा असल्याने आम्हाला पंचवीस मिनिटे मिळाली. त्यातली बारा मिनिटे त्या मुलीच्या प्रश्नाने घेतली, आणि मला तो तास माझ्या नोकरीतला सर्वांत चांगला तास वाटतो.

जुना तिकिटवाला यांचा प्रतिसाद

माझे वय पंचाहत्तर आहे, म्हणून थोडे मागचे लिहितो. लघुपट हा काही मोठ्या चित्रपटाचा धाकटा भाऊ नाही. वयाने तोच थोरला आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चित्रपटांचा खेळ झाला, तेव्हा त्यातला एकेक चित्रपट मिनिटभराचाही नव्हता. सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ साली मुंबईत हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली, तीही अशीच छोटी. आणि दादासाहेब फाळके यांनी पूर्ण लांबीचा कथापट करण्याआधी, १९१२ साली, कुंडीत वाटाणा पेरून त्याला कोंब फुटून वेल कसा वाढतो ते रोज थोडे थोडे चित्रित केले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा हा लघुपट त्यांनी भांडवल उभे करण्यासाठी दाखवला. पैसेवाल्यांना पटवायला त्यांनी राजाही दाखवला नाही आणि युद्धही दाखवले नाही, रोप दाखवले. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

माझ्या तरुणपणी चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजन या सरकारी संस्थेचा लघुपट दाखवणे सक्तीचे होते. या संस्थेची स्थापना १९४८ सालची. आमच्या गावच्या टॉकीजमध्ये तो सुरू झाला की पुरुष मंडळी विडी ओढायला बाहेर जात, आणि मीही जात असे. प्रमोद पती यांचा १९६८ सालचा ‘एक्स्प्लोरर’ हा सात मिनिटांचा लघुपट मी पहिल्यांदा पाहिला तो निवृत्तीनंतर, नातवाच्या संगणकावर. चेहरे, नाच, यंत्रे, देवघर, सगळे अंगावर कोसळावे अशा वेगाने समोरून जाते, आणि त्याला पारंपरिक अर्थाने गोष्टच नाही. सरकारी शिक्क्याखाली असे काही होत होते, आणि आम्ही त्या वेळी टॉकीजच्या पायरीवर बसलेलो होतो, याची हळहळ मला आजही वाटते. सक्तीने दाखवले म्हणून ते बघण्याची इच्छा मेली, हे एक कारण असावे. दुसरे कारण असे की, आम्ही ज्याच्यासाठी पैसे दिले होते त्याची वाट पाहत होतो, आणि वाट पाहणारा माणूस समोरचे पाहत नाही. नदीकाठ यांच्या नऊ लघुपटांच्या संध्याकाळीही काहीसे असेच झाले असेल का? पुढचा येणार, हे ठाऊक असले की चालू असलेल्याकडे पुरते लक्ष राहत नाही.

नदीकाठ यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. जुना तिकिटवाला काका, तुमचे शेवटचे वाक्य मला अगदी लागू पडते. त्या संध्याकाळी माझ्या हातात कार्यक्रमपत्रिका होती आणि किती झाले, किती राहिले, यावर मी सारखी खुणा करत होते.

अंतरपाट, शेवटच्या धक्क्याबद्दल तुम्ही लिहिल्यावर मी माझ्या आवडत्या लघुपटांची वही काढून पाहिली. जे दोनदा पाहिले त्यांच्यापुढे मी फुली करते. धक्क्याच्या एकाही लघुपटापुढे फुली निघाली नाही.

कात्रीवाली ताई, तुमच्या अकरा मिनिटांबद्दल वाचल्यापासून ती दुसरी गव्हाण माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, आणि मी तो लघुपट पाहिलेलाही नाही. तो कोठे पाहायला मिळेल का? शनिवारी बंधू येणार आहेत. त्या दिवशी तो एकच लावीन, दुसरा काही लावणार नाही.

कात्रीवाली यांचा प्रतिसाद

तो सध्या जाहीरपणे कोठेही उपलब्ध नाही, परंतु दिग्दर्शकाला विचारून मी तुम्हाला व्यक्तिगत संदेशातून दुवा पाठवते. फोनवर पाहणार असाल तर कानात हेडफोन घालून पाहा. गव्हाणीत वैरण पडल्याचा आवाज दोनदा येतो; पहिल्या वेळी त्याबरोबर घुंगरांचा आवाज आहे, दुसऱ्या वेळी नाही.